फरशीखालची ओल

'फरशी' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. फरशी पुसली का, फरशी कधी बसवणार, फरशीवरून पाय घसरला. वर्गात मी मुलांना विचारतो, हा शब्द कुठला? मुले म्हणतात, मराठी. ते उत्तर चूक नाही. शेकडो वर्षे या घरात राहिलेला शब्द घरचाच झाला. पण त्याचे मूळ अरबीत आहे. 'फर्श' म्हणजे जे पसरले, अंथरले ते. कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये जमिनीसाठी आलेला 'फिराश' हा शब्दही याच कुळातला. उर्दूत 'अर्श' आणि 'फर्श' ही जोडी नेहमी येते. एक आकाशापलीकडचे सिंहासन, दुसरी आपल्या पायाखालची भुई. म्हणजे फरशी ही मुळात अंथरलेली वस्तू आहे. अंथरलेली वस्तू उचलता येते, झटकता येते, बदलताही येते.

हे सारे आठवण्याचे कारण तसे साधे आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या किनारपट्टीवर जी नवी घरे उभी राहिली, त्यांत गाडीसाठी स्वतंत्र खोली असते. शहरात ज्याला गॅरेज म्हणतात ते. मराठीत गॅरेज म्हटले की डोळ्यांसमोर मेकॅनिकचे दुकान येते, म्हणून गावात कोणी तिला 'शेड' म्हणतो, कोणी 'पार्किंग'. आपल्याकडे यासाठी जुना शब्दही होता, 'गाडीखाना'. पुण्याच्या शुक्रवार पेठेत तो वस्तीच्या नावात अजून टिकून आहे. तर या नव्या गाडीखान्यांच्या जमिनीवर आता इपॉक्सी करतात. करड्या किंवा निळ्या रंगाची, आरशासारखी चकाकणारी, एकही सांधा नसलेली जमीन. गाडी त्यावर उभी केली की शोरूममध्ये आल्यासारखे वाटते. आणि पहिला पावसाळा सरला की माझ्या ओळखीतल्या अनेक घरांत त्याच जमिनीवर फुगे आले, मग पापुद्रे सुटले, मग गाडीच्या चाकांना चिकटून रंगाचे तुकडे बाहेर येऊ लागले.

रंगारी म्हणतो माल खराब. दुकानदार म्हणतो काम खराब. घरमालक म्हणतो नशीब खराब. माझ्या मते यात नशिबाचा भाग सगळ्यात कमी आहे. आपल्या पायाखाली काय काय अंथरले गेले आणि खालच्या ओलीशी प्रत्येक थराने कसा व्यवहार केला, हा इतिहास पाहिला की या फुग्यांचे कोडे बरेचसे उलगडते.

सारवण आणि कोबा

कोकणात जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली जांभा दगड. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने मलबारात हा दगड पाहून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिले. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. जमिनीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने चिरे पाडता येतात, आणि हवेत राहिला की टणक होतो. आपली घरे याच चिऱ्यांची. पण जांभा भोकाभोकांचा असतो. पाणी पितो, धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. अशा दगडावर आणि मुरमाच्या भरावावर उभ्या घराची जमीन चार महिने खालून ओलीच असणार.

आपल्या आज्यांनी या ओलीशी भांडण केले नाही. जमीन चोपून घ्यायची आणि शेणामातीने सारवायची. खालची ओल सारवणातून वर येई आणि हवेत उडून जाई. काही दिवसांनी पोपडे धरत, मग पुन्हा सारवायचे. माझ्या नानीच्या घरी माजघर असेच होते. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आणि शाफई मतात शेण नापाक. त्यामुळे नमाजाला जमिनीवर आधी चटई आणि तिच्यावर जानमाज, हा रिवाज घरात पक्का होता. फर्श म्हणजे अंथरलेले, हा अर्थ तिथे अगदी शब्दशः खरा होता. हेही विसरू नये की ती जमीन सुंदर दिसे कारण घरातल्या बायका वर्षभर गुडघ्यांवर बसून ती सांभाळत. जुन्या गोष्टींचे गुणगान करताना त्यांच्या कमरेचा हिशोब आपण सोडून देतो.

ज्यांना परवडे त्यांच्याकडे कोबा. हा शब्दही गंमतीचा आहे. फारसीत 'कोबीदन' म्हणजे कुटणे, आणि 'कोबा' म्हणजे कुटण्याचे साधन. चुना आणि विटांचे तुकडे पसरून ते लाकडी थाप्यांनी कुटत बसायचे; त्या कुटण्याचेच नाव पुढे जमिनीला पडले. चुन्यात विटेची भुकटी घालत, तिला 'सुरखी' म्हणतात, फारसी 'सुर्ख' म्हणजे लाल. गुळाचे आणि हिरड्याचे पाणीही घालत. 'गिलावा' फारसी, 'गच्ची'मधला 'गच' फारसी, 'इमला' अरबी. बांधकामाच्या मराठीत फारसी-अरबी शब्द इतके का, याचे उत्तर सोपे आहे. दख्खनच्या सुलतानांपासून मुघलांपर्यंत मोठी बांधकामे ज्या कारखान्यांत झाली तिथली बोली गवंड्यांच्या तोंडी राहिली. गवंडी हिंदू असो वा मुसलमान, शब्द तेच. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर जिथे संपतो तिथून वर बराच भाग साध्या दगडाचा आहे आणि त्यावर चुन्याचा गिलावा असा घोटला आहे की लांबून फरक कळत नाही.

चुन्याचा गुण असा की सुरखी मिसळली की तो ओलीतही घट्ट होतो, पण पूर्ण बंद होत नाही. वाफेला वाट ठेवतो. आणि बिघडला तर तेवढाच तुकडा खणून पुन्हा कुटता येतो.

आगगाडीने आणलेली जमीन

एकोणिसाव्या शतकात जमिनी दुरून येऊ लागल्या. मुंबईहून दक्षिणेकडे निघालेला लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोचला. त्या वाटेवर निजामाच्या राज्यात शहाबाद लागते. तिथला थराथरांनी सहज सुटणारा चुनखडीचा दगड वाघिणींत भरून निघाला आणि 'शहाबादी' या नावाने महाराष्ट्रभर पसरला. वाडे, चाळी, शाळा, मशिदींचे वजूखाने, रेल्वेचे फलाट. कुठे शहाबादी नाही? गावाचे नाव दगडाला आणि दगडाचे नाव घराघराला.

किनाऱ्यावरून दुसरा माल आला. बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मंडळींनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. त्या मंगलोरी कौलांनी कोकणातली छपरे बदलली. मुंबईत श्रीमंतांची आणि सरकारची नजर विलायतेवर होती. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये इंग्लंडहून आलेल्या रंगीत टाइल्स आजही पाहायला मिळतात. या विलायती मालाला उत्तर म्हणून १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी मुंबईत भारत टाइल्सची सुरुवात केली. सिमेंटच्या, हाताने साच्यात रंग ओतून दाबलेल्या नक्षीदार टाइल्स. स्वदेशीचा इतिहास आपण चरख्यापाशी थांबवतो. तो जमिनीवरही लिहिला गेला आहे.

या सगळ्या जमिनींत एक गोष्ट समान होती. त्या तुकड्यातुकड्यांच्या होत्या. दोन फरश्यांमध्ये सांधा होता आणि सांध्यातून ओल वर येऊ शकत होती. पावसाळ्यात शहाबादीला घाम फुटल्यासारखे दिसे, आपण पोते टाकत असू, आणि ऑक्टोबरच्या उन्हात ती सुकून जाई. फरशी हलली तर उचलून पुन्हा बसवली जाई.

सिमेंटचा कोटा आणि आखाताची चिठ्ठी

जोसेफ अॅस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात या उद्योगाचा पाया १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्याने घातला. त्यानंतर चुन्याच्या कोब्याची जागा सिमेंटच्या कोब्याने घेतली. वर लाल ऑक्साइड टाकून घोटलेला तो लाल कोबा आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाची जमीन आहे. उन्हाळ्यात त्यावर नुसते पडून राहायला किती बरे वाटे.

पण सिमेंट मिळत नसे. ते परवान्यावर होते. घर बांधायचे तर अर्ज करा, कोटा मंजूर होण्याची वाट पाहा. या टंचाईने महाराष्ट्राचे राजकारणही हलवले. रायगड जिल्ह्यातल्या आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री, आणि तेही कोकणी. कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांच्याच काळात मिळाले, सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला, संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना हे सगळे आजही आठवते. पण १९८१ च्या ऑगस्टमध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरी यांचा लेख आला आणि १९८२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी बिल्डरांना दिलेला सिमेंटचा कोटा आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध जोडणारा निकाल दिला. अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त झाले, आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. आज दुकानात जाऊन पन्नास गोण्या आणणाऱ्या पिढीला सांगितले तर खरे वाटणार नाही, पण एका सरकारचा प्रमुख सिमेंटच्या गोणीला अडखळून पडला होता.

नेमक्या त्याच काळात आमच्या गावांत पैसा येऊ लागला. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले आणि आखाती देशांना हात हवे झाले. कोकणी मुसलमान दर्यावर्दी, परदेश त्याला नवा नव्हता. बोटींवर तो आधीपासूनच होता, मुंबईच्या गोदीत होता, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला खेड-दापोलीकडच्या लोकांची वस्ती शंभर वर्षांपूर्वीच झाली होती. आता कुवेत, बहरीन, सौदी, दुबई. म्हसळा, श्रीवर्धन, दापोली, खेड, चिपळूण, प्रत्येक घरातून एक तरी माणूस गेला. त्याने पाठवलेल्या पैशाने पहिले काय झाले? बहिणीचे लग्न आणि घर. सारवलेली जमीन गेली, लाल कोबा आला. मग मोझॅक, मग गुजरातच्या मोरबीकडच्या चकचकीत टाइल्स. आणि आता पोरांची गाडी, गाडीची खोली आणि त्या खोलीत इपॉक्सी. आखातात त्याने विमानतळ, इस्पितळे, बहुमजली पार्किंग यांच्या जमिनी पाहिल्या होत्या. काहींनी तर स्वतः केल्या होत्या. तशीच एक आपल्या घरी असावी असे वाटणे यात गैर काहीच नाही. माणूस ज्या जमिनीवर दुसऱ्यासाठी राबला ती एकदा स्वतःच्या दारात पाहू इच्छितो.

दातांच्या कवळीपासून गाडीच्या खोलीपर्यंत

हे इपॉक्सी आले कुठून? त्याचा एक मुख्य घटक बिस्फेनॉल-ए हा रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन याने १८९१ मध्येच बनवला होता, पण त्याचा उपयोग कोणाला सुचला नव्हता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये पियरे कास्तां दातांच्या कवळीसाठी चांगले साहित्य शोधत होता. कवळीला असे काही हवे होते की जे साच्यात ओतावे आणि घट्ट होताना आकसू नये. त्याने बनवलेली राळ दंतवैद्यांच्या फारशी कामी आली नाही, पण तिचे हक्क सिबा या कंपनीकडे गेले आणि महायुद्धानंतर 'अॅराल्डाइट' या नावाने ती बाजारात आली. कपाची तुटलेली दांडी जोडणाऱ्या त्या दोन नळ्या आपण सगळ्यांनी वापरल्या आहेत. जमिनीवरचे इपॉक्सी त्याच घराण्यातले. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली एका रंग कंपनीसाठी हेच रसायन वेगळ्या वाटेने तयार करत होता. म्हणजे युरोपात ती चिकटवायची वस्तू म्हणून वाढली आणि अमेरिकेत रंग म्हणून. आपल्याकडे पुढे गुजरातेत वलसाडजवळच्या अतुल इथे इपॉक्सी राळ तयार होऊ लागली.

डब्यातला साधा रंग हवेत सुकतो. इपॉक्सी सुकत नाही, ती घडते. एका डब्यात राळ, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात एकत्र केले की रासायनिक क्रिया सुरू होते, उष्णता निर्माण होते, आणि जाळे विणल्यासारखा घन थर तयार होतो. तेल, पेट्रोल, बॅटरीचे पाणी, गाडीचे वजन, तो सगळे सोसतो. कारखान्यांना, औषधांच्या कंपन्यांना, इस्पितळांना सांधा नसलेली आणि धुता येणारी जमीन हवी होती. त्यांच्यासाठी ही वस्तू वरदान ठरली. तिथून ती घरापर्यंत आली.

ओल कुठे जाणार?

इथे आपल्या कोड्याचे उत्तर आहे. शेणाच्या सारवणापासून शहाबादीपर्यंत प्रत्येक जमिनीने ओलीला वर येण्याची वाट ठेवली होती. इपॉक्सी ही आपल्या इतिहासातली पहिली जमीन अशी की ती वाट पूर्ण बंद करते. तिचा गुण तोच तिचा दोष.

काँक्रीट घट्ट दिसते पण ते केसापेक्षा बारीक नळ्यांनी भरलेले असते. दिव्याची वात तेल ओढते तसे ते मातीतले पाणी वर ओढते. वर येता येता ते पाणी सिमेंटमधले क्षार सोबत आणते. वर वाट बंद असली की हे खारे, दाहक पाणी थराच्या पाठीशी साचते आणि थराला खालून ढकलू लागते. मग फुगे येतात. फुगा फोडला की आत चिकट पाणी दिसते. रंग चांगला होता, कामही वाईट नव्हते, तरीही फुगा आला, कारण पाणी खालून आले.

दुसरी ओल वरून येते, हवेतून. हवा जितकी दमट तितके तिचे दवबिंदूचे तापमान हवेच्या तापमानाच्या जवळ. एक हिशोब पाहू. ३० अंश सेल्सियस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण २१ अंशांवर येतो. मध्ये आठ-नऊ अंशांचे अंतर. पण सप्टेंबरातल्या एखाद्या दिवशी २८ अंश आणि ८८ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू जवळजवळ २६ अंशांवर पोचतो. अंतर उरले दोन अंश. बंद खोलीतली काँक्रीटची जमीन सकाळी हवेपेक्षा दोन अंशांनी थंड असणे अगदी सामान्य. म्हणजे डोळ्यांना दिसो न दिसो, तिच्यावर दव आहे. म्हणूनच या धंद्यात नियम आहे की जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त हवे आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत हवी. तसे नसेल तर हार्डनरचा काही भाग राळेशी जुळण्याऐवजी हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळतो, वर पांढुरकी, मेणचट साय धरते, आणि तिच्यावर दिलेला पुढचा हात तिच्यासकट सुटून येतो.

आता आपले कॅलेंडर पाहा. आखातातून माणूस रजेवर येतो तो लग्नाला, ईदला, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत. रजा महिना-दीड महिन्याची. त्यातच स्लॅब, त्यातच रंग, त्यातच जमीन. नव्या काँक्रीटला निदान २८ दिवस द्यायचे असतात, दमट हवेत त्याहून जास्त. आपण त्याला दहा दिवस देतो. परतीचे तिकीट काढलेले असते. पहिला वळीव पडून गेलेला असतो तेव्हा शेवटचा हात मारला जातो. जमीन चकाकते, फोटो काढले जातात, माणूस विमानात बसतो. फुगे येतात तेव्हा तो कुवेतमध्ये असतो आणि घरी त्याची आई फोनवर सांगत असते की बेटा, जमीन उठली.

दोन वर्षांची बचत अशी उठून जाते, हे मला जास्त लागते. फरशीचे काय, ती पुन्हा होईल.

हातांचे काय?

या जमिनीचा आणखी एक हिशोब आहे, तो सहसा कोणी मांडत नाही. माझे एक दूरचे मामू आखातात अनेक वर्षे जमिनींवर थर देण्याचे काम करत. परत आले तेव्हा बोटांची कातडी फाटलेली, मनगटापर्यंत खाज. तिथे घाईत हातमोजे काढून काम केले होते. इपॉक्सीची राळ आणि हार्डनर त्वचेला लागत राहिले तर शरीर कायमचे बिथरते. एकदा अॅलर्जी बसली की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. जगभर या कामातल्या मजुरांचा हा ओळखीचा आजार आहे. नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, खेळती हवा एवढे दिले तर तो बराचसा टळतो.

आपल्या घरी काम करायला येणारा पोरगा बहुतेक बिहारचा, उत्तर प्रदेशचा किंवा बंगालचा असतो. आपले बापजादे आखातात ज्या जागी होते त्याच जागी तो आज आपल्या दारात आहे. तो उघड्या हाताने बादलीत राळ ढवळतो आणि आपण शेजारी उभे राहून चकाकी कशी आली ते पाहतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. चांगले हातमोजे हा त्या मजुरीचाच भाग मानायला हवा.

मग करावे काय?

इपॉक्सी वाईट नाही. कोकणात ती टिकूही शकते, पण तिच्या अटींवर. ज्यांचे घर अजून बांधायचे आहे त्यांनी पैसा वर नाही, खाली घालावा. मुरूम आणि सोलिंगवर, काँक्रीट ओतण्यापूर्वी २५० मायक्रॉनचा, गवंडी ज्याला हजार गेजचा म्हणतात तो, प्लास्टिकचा जाड कागद जोडांवर चांगला चढवून अंथरून घ्यावा. खालची ओल तिथेच अडते. खर्च किरकोळ आहे आणि नंतर तो कोणत्याही किमतीला करता येत नाही. खरी फरशी, अंथरलेली, तीच.

ज्यांची जमीन आधीच झाली आहे त्यांनी आधी तिला विचारावे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला घट्ट लावा, किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवसरात्र राहू द्या. उचलल्यावर खाली थेंब किंवा काळपट ओल दिसली तर थांबा. ही चाचणी फेब्रुवारीत एकदा आणि पावसाळ्यात एकदा करा, कारण फेब्रुवारीतली कोरडी जमीन जुलैत कोरडी असेलच असे नाही. व्यावसायिक माणूस यापुढे जाऊन ओल मोजण्याचे यंत्र लावील. जो न मोजता भाव सांगतो त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

जमीन घासण्याशिवाय काम करू नये. हिऱ्याच्या चकत्यांच्या यंत्राने वरची कमकुवत साय काढून काँक्रीटचा खरखरीत अंग मोकळा करावा लागतो. नुसते झाडून, धुऊन त्यावर थर दिला तर तो धुळीला चिकटतो. ओल येतच असेल तर ओलीत धरणारा खास प्रायमर लागतो, तो महाग असतो, आणि तोही प्रत्येक ठिकाणी पुरतोच असे नाही. पाव मिलिमीटरचा रंगासारखा थर आणि दोन-तीन मिलिमीटरचा ओतीव थर यांत मोठा फरक आहे. पावतीवर जाडी लिहून घ्या. दाराजवळ ऊन येत असेल तर इपॉक्सी पिवळी पडते, वरचा हात पॉलियुरेथेनचा हवा. ओली झाली की ती घसरते, म्हणून वाळूचा बारीक दाणा मिसळून घ्या. घरात म्हातारी माणसे असतात. काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावे, सकाळचे दव उडून गेल्यावर. आणि गाडी निदान आठवडाभर बाहेर ठेवावी. तापलेले टायर कच्च्या थराला चिकटून तो उपटतात.

एवढे करणे जमणार नसेल, आणि अनेकांना जमणार नाही, तर शहाबादी बसवा. काँक्रीट नुसते घोटून घ्या. सिमेंटचे पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवा, पावसाचे पाणी सांध्यांतून मुरेल. गाडीला चकाकी कळत नाही. पाहुण्याला कळते, पण पाहुणा गाडीच्या खोलीत बसत नाही.

मला कोणी मागासलेला म्हणेल. सारवणाकडे परत चला असे मी म्हणत नाही. ते सारवणारे हात परत आणणे मला मुळीच नको आहे. मला एवढेच दिसते की आपल्या आधीच्या प्रत्येक पिढीने जमीन करताना खालच्या ओलीचा विचार आधी केला आणि वरच्या रंगाचा नंतर. आखाताच्या पैशाने आपल्याला रंग परवडू लागला, ही चांगली गोष्ट झाली. आता क्रम तेवढा पुन्हा पहिल्यासारखा करायचा आहे. या रजेत कोणी जमीन करणार असेल तर आज रात्री प्लास्टिकचा एक तुकडा चिकटवून झोपा, आणि उद्या तो उचलून पाहा.